राव मामांचा प्रोसेसर

राव मामा अ‍ॅम्प्लिफायर बघायला निघाले की आधी खिशात कापूस टाकतात. औषधाच्या दुकानात निळ्या कागदात गुंडाळलेला मिळतो, तोच साधा कापूस. शोरूममध्ये शिरायचं, विक्रेत्याला नमस्कार करायचा, सोफ्यावर बसायचं, कापसाचे दोन बोळे वळून दोन्ही कानांत घट्ट बसवायचे आणि मग हातानं खूण करायची, की लावा आता.

चेन्नईच्या टी. नगरातल्या एका शोरूममध्ये मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो, तेव्हा विक्रेत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. छतालाही स्पीकर होते, त्यामुळं माझं तिकडं बघणं वावगं दिसलं नाही.

"मामा, कापूस कशाला?" परतताना ऑटोत मी विचारलं.

"अ‍ॅम्प्लिफायर चांगलें असलें तर कापसांतूनही ऐकूं येतें," मामा म्हणाले. "कापूस नसला तर अस्कीं चांगलींच वाटतात. मग निवडायचें कसें?"

'अस्की' म्हणजे सगळे. मामा तंजावरकडचे मराठी. त्यांच्या पूर्वजांनी तीनेकशे वर्षांपूर्वी इकडं येताना जी मराठी बरोबर आणली, ती या लोकांनी घरात जपून वापरली आणि कमी पडली तिथं तमिळ घातली. मी सांगलीचा. आदंबाक्कमच्या या इमारतीत राहायला आलो, त्या दिवशी समोरच्या दारातून राव मामांच्या बायकोनं, अंबुजा मामींनी, विचारलं, "जेवण जाहलें कीं नाहीं?" मी हातातली बादली खाली ठेवून सरळ उभा राहिलो. अशी मराठी ऐकली की माणूस आपोआप सरळ उभा राहतो.

माझा व्यवसायही सांगून टाकतो, कारण तो पुढं लागणार आहे. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे हॉर्न बनवणारा एक कारखाना आहे, तिथं मी क्वालिटी खात्यात आहे. म्हणजे दिवसभर हॉर्न वाजवून बघतो. याचा पगार मिळतो, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. पण या एका कारणानं राव मामांनी मला आपला तांत्रिक सल्लागार नेमला. माझं नाव त्यांनी एकदा विचारलं आणि सोडून दिलं. तेव्हापासून मी 'इंजिनियर'.

मामा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. पांढरं धोतर, पांढरा अर्धा सदरा आणि पायांत बूट. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, अमेरिकेत मुलाकडं जातात, निदान मधुमेहाबद्दल तरी बोलतात. मामांनी होम थिएटर घेतलं. घेतलं म्हणजे घ्यायला सुरुवात केली. ती सुरुवात मी आल्यापासून चालूच आहे.

त्यांच्या हॉलमध्ये बसायला एकच धड जागा आहे. बरोबर मधोमध एक वेताची खुर्ची. ती अंबुजा मामींची. बाकी सगळीकडं स्पीकर. कोपऱ्यांत उभे, कपाटावर आडवे, देवघराशेजारी एक ठेंगणा जाडा. त्याच्यावर मामी रोज नकळत हळदीकुंकू वाहतात की मुद्दाम, ते मला कळलेलं नाही. आपण गेलो तर जमिनीवरच्या वायरी ओलांडून भिंतीला टेकून बसायचं. कॉफी मात्र फर्मास मिळते.

अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रोसेसर यांतला फरक मामा येईल त्याला समजावून सांगतात. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी तो सांगितलेला मी ऐकलाय. "लग्नाचें घर समजा," ते म्हणतात. "अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे सांबाराचा हंडा उचलणारा पैलवान. अंगांत रोंब शक्ति, दहा जणांची. पण कोणत्या पंगतींत काय वाढायचें तें त्यास कळत नाहीं. स्वयंपाकघराच्या दारांत एक मामी उभी असते बघा, इकडे भात, तिकडे पायस सांगणारी? ती प्रोसेसर. लोक पैलवानाकडे बघून यंत्र घेतात. आणि मामी वेंधळी निघाली तर काय? पायसावर सांबार!"

यामुळं एकाच डब्यात दोन्ही असलेलं यंत्र त्यांना चालत नाही. प्रोसेसर वेगळा हवा, अ‍ॅम्प्लिफायर वेगळा हवा. शोरूमवाल्यांना असं गिऱ्हाईक म्हणजे देव. पण देवाची परीक्षा लवकरच सुरू होते. विक्रेता मोठ्या हौसेनं त्यांचं ठेवणीतलं लावतो. हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं, मागं इमारत कोसळते, सोफा हादरतो. मामा कापूस घालून शांत. मग हात वर करतात.

"बाम्ब पुरे. आतां कोणी बोलणारें लावा."

विक्रेत्याकडं बोलणारं काही नसतं. मामांकडं असतं. ते पेन ड्राइव्ह काढतात. त्यात बातम्या असतात, हवामानाचा अंदाज असतो, आणि त्यांनी स्वतः फोनवर टिपून घेतलेलं, एक बाई आणि ऑटोवाला यांचं भाड्यावरून चाललेलं भांडण असतं. त्या झगमगीत अंधाऱ्या खोलीत, गाडीच्या किमतीच्या यंत्रावर, मग ते भांडण सर्व बाजूंनी सुरू होतं. मामा डोळे मिटून ऐकतात. शेवटी कापूस काढून निकाल देतात.

"सत्तम येतें, शब्द येत नाहीं."

सत्तम म्हणजे आवाज. हा त्यांचा ठरलेला शेरा. जपानी यंत्राला हाच, अमेरिकन यंत्राला हाच. रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानदारानं स्वतः जुळवलेल्या यंत्रालाही हाच. रेल्वेस्टेशनवरच्या घोषणेला हाच आणि निवडणुकीतल्या भाषणांनाही हाच, त्यात मात्र माझं त्यांच्याशी एकमत आहे.

तरी अधूनमधून एखादं यंत्र पास होऊन घरी यायचं. वॉचमन खोकं बघूनच लिफ्टचं दार धरून ठेवायचा. मामा वायरी जोडायचे, मी स्पीकर सरकवायचो, मामी हात पुसत येऊन वेताच्या खुर्चीत बसायच्या. बातम्या लावल्या जायच्या. आवाज वाढत वाढत जायचा. आमच्या तळमजल्यावरच्या एका कुटुंबानं पेपर बंद केला, कारण सकाळच्या बातम्या त्यांना घरबसल्या मिळत होत्या. मामी कपाळाला आठ्या घालून ऐकायच्या आणि थोड्या वेळानं म्हणायच्या, "सत्तम येतें हो. शब्द येत नाहीं."

"मी सांगितलों नव्हें?" मामा उडीच मारायचे. "प्रोसेसरच सरि नाहीं! बदलूं!"

एवढं महागडं यंत्र वाया गेल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मामींबद्दल सांगायचं राहिलंच. अंबुजा मामी गाणं शिकवायच्या. कर्नाटक संगीत, दारात चपलांची रांग. त्यांच्या कानाची इमारतीला भीती होती. वरच्या मजल्यावरच्या मिक्सरचा सूर उतरलाय, मोटर जाणार, असं त्यांनी एकदा सांगितलं आणि मोटर गेली. वर्ग चालू असताना त्या स्वयंपाकघरात भाजी चिरत असल्या तरी तिथून ओरडायच्या, "तंबुऱ्याची तिसरी तार!" पण मी आलो तेव्हा वर्ग बंद होत आले होते. गुडघे दुखतात म्हणून, असं मामा सांगायचे. सभांना, म्हणजे मैफिलींनाही जाणं सुटलं होतं. तिथला एसी सोसत नाही म्हणून. आणि त्या घरात एक शिस्त होती. मामींशी बोलायचं तर समोर येऊन, त्यांच्याकडं तोंड करून बोलायचं. गुरूशी पाठीमागून बोलूं नये, असं मामांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी ती शिस्त पाळली. जुन्या घराण्यांत असतात अशा रीती, म्हटलं.

मग मार्गळी आली. मार्गळी म्हणजे डिसेंबरचा गाण्यांचा हंगाम. या दिवसांत चेन्नईत लोक गाण्याच्या वेळेवर कॅन्टीनची वेळ जुळवतात. मामींची शेवटची शिष्या मैथिली, तिला या वर्षी पहिल्यांदा एका सभेत दुपारची वेळ मिळाली. दुपारची वेळ ही नव्या लोकांची, ऐकायला आई-वडील, मावश्या आणि उन्हातून आत आलेले दोन म्हातारे. तरी ती पहिली पायरी. मैथिली पेढे घेऊन आली, मामींना साष्टांग नमस्कार घातला, आणि समोर बसून म्हणाली, "मामी, तुम्हाला यायला जमणार नाही, माहीत आहे. ऑनलाइन दाखवणार आहेत. घरून ऐका. चूक काय झाली ते तुम्ही सांगाल तेव्हाच मी गायले असं मला वाटेल."

मामी म्हणाल्या, "ऐकतें. एकही सोडणार नाहीं."

झालं. राव मामांच्या पायांत बूट चढले ते उतरेनात. एरवी मला हे चेष्टेनं घेता आलं असतं, पण या वेळी माणूस खरोखर घाबरलेला दिसत होता. रोज टी. नगर. कापसाचं नवं पुडकं. अखेर एक वेगळा प्रोसेसर आणि एक वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही थोरामोठ्यांच्या घरी असतात तसले, येऊन दाखल झाले. मैथिलीच्या कार्यक्रमाच्या आदल्या शुक्रवारी चाचणी झाली. बातम्या लागल्या. भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. बातम्या देणाऱ्या बाईनं ओठ मिटल्याचासुद्धा आवाज मला ऐकू आला.

मामी म्हणाल्या, "सत्तम येतें."

पुढचं त्यांनी म्हटलंच नाही. माझ्या डोक्यातली मात्र तार सटकली. मी क्वालिटीचा माणूस. चांगल्या मालाला खराब म्हटलेलं मला घरीही चालत नाही.

"मामा, पुरे झालं," मी म्हणालो. "यंत्र उत्तम आहे. आमच्याकडं आवाज मोजायचं मीटर आहे, हॉर्न तपासायचं. ते मी उद्या घेऊन येतो. रविवारी गाणं सुरू असतानाच मोजू आणि काय तो सोक्षमोक्ष लावू."

मामींनी माझ्याकडं बघितलं आणि हसल्या. मामा हसले नाहीत.

रविवारी दुपारी मी मीटर घेऊन निघालो तर राव मामा आमच्या दोन दारांच्या मधल्या जिन्यावर बसलेले. अंगावर जरीकाठी उपरणं आणि हातात कापूस.

"मीटर आणलां?"

"आणलं."

"तें काय सांगेल?"

"यंत्र बरोबर आहे की नाही ते."

"यंत्र बरोबर आहे," मामा म्हणाले. "याच्या आधींचें होतें तेंही बरोबर होतें. अस्कीं बरोबर होतीं."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"तुमचें मीटर म्हणेल यंत्र बरोबर," ते कापसाचा बोळा वळत म्हणाले. "मग चूक कोणाकडे राहील, इंजिनियर?"

आतून पंख्याचा आवाज येत होता. मामा सांगत राहिले. "एक दिवस ती म्हणाली, तंबुरा बिघडला, सूर धरत नाहीं. मी वाजवून पाहिलों. सरिच होता. मी म्हणालों, होय, बिघडला, जुना झाला. नवा आणलों. मग फोन बिघडला. मग टीव्ही. कानाचें मशीन असा शब्द मी एकदांच काढलों. तिनें त्या दिवशीं स्वयंपाक केला, वाढला, पण माझ्याकडे पाहिलें नाहीं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कान दुरुस्त केलेली बाई ती. तिनें कुठें जाऊन सांगावें, माझे कान गेले म्हणून? त्यापेक्षां यंत्रें वाईट असलेलीं बरीं. यंत्रांस काय वाटायचें आहे?"

"आणि हा कापूस?"

"तिला कसें ऐकूं येतें तें मला कसें कळणार?" मामा म्हणाले. "म्हणून घालतों."

इतके महिने मी या माणसाच्या गोष्टी कारखान्याच्या बसमध्ये सांगून लोकांना हसवत होतो. मला फार वाईट वाटलं. मामांनी गुडघ्यावर हात टेकले, उठले आणि आत गेले. मी मागोमाग गेलो.

मामी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. कांजीवरम नेसून, नाकात हिऱ्याची बेसरी, केसांत मोगरा. घरातच बसून ऐकायचं होतं, पण शिष्येची पहिली मैफील होती. पडद्यावर मैथिली आली, तंबुरा सुरू झाला. मामांनी आवाज वाढवला, आणखी वाढवला. इमारतीचे सेक्रेटरी तक्रार करायला वर आले, उघड्या दारातून मामींची साडी बघितली आणि चपलांचा आवाज न करता खाली गेले.

मामी मांडीवर ताल धरून ऐकत होत्या. मीही ऐकत होतो, पण बघत होतो त्यांच्या हाताकडं. पडद्यावर मृदंगवाल्याचे हात दिसले की मामींचा ताल चोख पडायचा. नुसता मैथिलीचा चेहरा आला की हात जरा घुटमळायचा, तिच्या ओठांवरचे शब्द बघून पुन्हा रस्ता धरायचा. कॅमेरा भलतीकडं, श्रोत्यांवर गेला की हात हवेत तसाच थांबायचा. एक कृती, म्हणजे रचना, संपायच्या बेताला कॅमेरा असाच श्रोत्यांवर राहिला. टाळ्या वाजणारे हात दिसले तेव्हा मामींनी हात खाली ठेवला. मला तिथं बसवेना, पण उठणार कुठं, सगळीकडं वायरी.

गाणं संपलं. कुणीतरी आभार मानायला लागलं. मामी माझ्याकडं वळल्या.

"इंजिनियर, आण तुझें मीटर. बघून सांग. दोष यंत्रांत आहे कीं नाहीं?"

मामा टीव्हीशेजारी रिमोट धरून उभे होते. निकाल ऐकायला आलेला मुलगाही इतका अवघडून उभा राहत नाही. मी मीटर काढलं. मधल्या स्पीकरसमोर धरलं. भुवया आवळल्या. मग कोपऱ्यातल्या स्पीकरसमोर धरलं, छताकडं धरलं, पुन्हा मधल्यासमोर आणलं. मग मामींच्या समोर येऊन, त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश म्हणालो,

"प्रोसेसर, मामी. मधल्या स्पीकरला शब्द नीट पोचतच नाहीत. यंत्रात दोष आहे."

माझ्या नोकरीत मी चांगला माल नापास केला, असं हे एकदाच. मामांचे ताठलेले खांदे सैल झाले. ते कॉफी करायला आत गेले.

मामींनी हात पुढं केला. मी मीटर दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"हें सुरू करायचें बटण कोणतें?"

मी दाखवलं आणि तेव्हा मला दिसलं. गडबडीत मी मीटर सुरूच केलं नव्हतं. काच कोरी होती.

मामींनी ते माझ्या हातात परत ठेवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पिशवींत घाल. त्यांस दिसूं देऊं नको." मग मान वर करून स्वयंपाकघराच्या दिशेनं, एके काळी तंबुऱ्याच्या तारा जागेवर आणणाऱ्या आवाजात, "ऐकलें का हो? प्रोसेसरच! मी म्हणत होतें कीं नाहीं?"

आतून मामा आनंदानं काहीतरी ओरडले. मामी माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. "काय म्हणाले?"

"मीही तेंच म्हणत होतों, असं म्हणाले."

"म्हणणारच," मामी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

एवढ्यात मैथिलीचा फोन आला. मामींनी पडद्यावरचं तिचं नाव बघितलं, फोन उचलला आणि पलीकडून हॅलो यायची वाट न बघता तमिळमध्ये एका दमात सांगून टाकलं, की आमचं यंत्र बिघडलंय, धड काही ऐकायला मिळालं नाही, तेव्हा उद्या सकाळी इकडं ये, माझ्यासमोर बस आणि सगळं पहिल्यापासून गा. आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिंडीला कंपनीची बस पकडायला बाहेर पडलो. समोरचं दार उघडं होतं. वायरी गुंडाळून बाजूला झाल्या होत्या, वेताची खुर्ची भिंतीला लागली होती. जमिनीवर मामी आणि मैथिली समोरासमोर बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लावून. मैथिली गात होती. मामी तिच्या तोंडाकडं बघत, तिच्याच मांडीवर ताल देत होत्या. मध्येच त्यांनी हात उचलला, मैथिली थांबली. मामींनी ती जागा स्वतः गाऊन दाखवली आणि तिला पुन्हा गायला लावली.

राव मामा दाराबाहेर चपलांच्या कपाटावर बसले होते. दोन्ही कानांत कापूस. डोळे मिटलेले. माझी चाहूल त्यांना लागणं शक्य नव्हतं, म्हणून मी खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, आत बोट दाखवलं, आणि कापसामुळं जरा मोठ्यानंच म्हणाले,

"शब्द येतो, इंजिनियर."